माळ रिकामा नाही

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला लागले की तासाभराच्या आत नान्नज येते. महाराष्ट्राला हे गाव दोन कारणांनी ठाऊक आहे. पहिले कारण द्राक्षे. ‘सोनाका’ आणि ‘शरद सीडलेस’ ही वाणे नानासाहेब काळे यांनी इथल्याच बागेत निवडून वाढवली आणि पुढे ती राज्यभर पसरली. दुसरे कारण माळढोक. १९७२च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून इथल्या सरकारी माळावर गवताची राखण सुरू झाली. चराई थांबली, गवत उभे राहिले आणि माळढोक त्यात घरटी करू लागले. या पक्ष्याची मादी बहुधा एका वेळी एकच अंडे घालते आणि तेही उघड्या जमिनीवर, म्हणून राखलेला माळ म्हणजे तिला सगळे काही मिळाल्यासारखेच होते.

१९७९ साली अभयारण्य जाहीर झाले. नकाशावर त्याचा विस्तार होता ८,४९६ चौरस किलोमीटर! सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतली गावेच्या गावे, बाजारपेठा, रस्ते, बागायती शेते हे सगळे त्या रेषेच्या आत आले. प्रत्यक्षात गवताचे माळ होते थोडे आणि तेही तुकड्यातुकड्यांत. रेषेच्या आतल्या शेतकऱ्याला जमिनीचा व्यवहार करायचा तर परवानगी, उद्योग काढायचा तर परवानगी. ज्या पक्ष्याला त्याने कधी त्रास दिला नव्हता त्याचेच नाव पुढे करून त्याला अडवले जाऊ लागले आणि माळढोक गावोगावी नकोसा झाला. अखेर २०११-१२च्या सुमारास अभयारण्य आटोपून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोवर उजनीचे पाणी, विहिरी आणि ठिबक यांच्या जोरावर ऊस आणि द्राक्ष माळाच्या कडेकडेने आत शिरले होते. आता नान्नजला एखादी माळढोक मादी दिसली तरी वर्तमानपत्रात बातमी येते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा-भद्रावती भागातले मोजके पक्षीही असेच हातचे गेले.

नान्नजची ही हकीगत सुरुवातीलाच सांगितली, कारण राज्यातल्या, किंबहुना देशातल्या माळरानांच्या प्रश्नाचे बहुतेक धागे तिच्यात आहेत. माळ राखला तर किती लवकर सावरतो हे तिच्यात दिसते. कागदावर भरमसाट संरक्षण देऊन जमिनीवर काहीच हाती न लागणेही तिच्यात आहे आणि माळाच्या कडेला राहणाऱ्या माणसाला सोबत न घेतल्याचा परिणामही. एक धागा मात्र नान्नजपेक्षा खूप जुना आहे, आणि माझ्या मते प्रश्नाचे मूळ तिथेच आहे. माळ ही निसर्गाची स्वतंत्र, पूर्ण वाढलेली व्यवस्था आहे हे आपल्या सरकारी दप्तराने कधी मान्यच केलेले नाही.

माळ म्हणजे जंगल तुटून उरलेली उजाड जमीन, असे शाळेपासून मनात बसलेले असते. सह्याद्री ओलांडला की पाऊस झपाट्याने घटतो. पर्जन्यछायेच्या पट्ट्यात वर्षाला चारशे ते सातशे मिलिमीटर पडतो, तोही बेभरवशाचा. खाली बेसॉल्टचा कातळ, वर वीतभर मुरमाड माती. अशा जागी दाट जंगल उभे राहत नाही. तिथे कुसळी, पवना, मारवेल, शेडा ही गवते येतात आणि त्यांच्यामध्ये विरळ विरळ हिवर, बाभूळ, बोर, खैर, तरटी. उष्ण-कोरड्या हवेत तगणारी गवते भारतीय उपखंडात सत्तर-ऐंशी लाख वर्षांपूर्वी पसरली. माणसाच्या हाती कुऱ्हाड येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

याचा पुरावा वनस्पतींतही आहे. भारतीय द्वीपकल्पातल्या सवाना प्रदेशात, म्हणजे विरळ झाडांच्या गवताळ भागात, केवळ इथेच सापडणाऱ्या दोनशेहून अधिक वनस्पतींची नोंद वनस्पतिशास्त्रज्ञांनी केली आहे. त्यातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक जाती गेल्या वीसेक वर्षांत पहिल्यांदा वर्णन केलेल्या आहेत. जंगल तुटून चारदोनशे वर्षांत तयार झालेल्या उजाड रानात स्वतःच्या अशा दोनशे जाती घडत नाहीत. त्याला लाखो वर्षे लागतात.

आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी अलीकडेच वेगळ्या वाटेने याच प्रश्नाचा शोध घेतला. त्यांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी ग्रंथांत, ओव्यांत, देवस्थानांच्या कथांत आलेली झाडे-झुडपे टिपली. त्यांना ४४ रानटी वनस्पतींचे उल्लेख सापडले आणि त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश माळाच्याच होत्या. यात मला नवल वाटले नाही, पण आनंद फार झाला. पंढरपुरात विठ्ठलमंदिराच्या आवारात कान्होपात्रेच्या समाधीशी जोडलेले झाड आहे ते तरटीचे. वड नाही, पिंपळ नाही. माळावरचे काटेरी तरटी. खंडोबा, म्हस्कोबा, बिरोबा ही मेंढपाळांची दैवते याच मुलखात रुजली. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने धनगरांबरोबर फिरत त्यावर उभे आयुष्य घालवले. मराठी संस्कृतीचा मोठा हिस्सा जंगलात नव्हे तर माळावर घडला आहे, आणि तरीही आपण त्याला पडीक समजतो.

हा समज दप्तरात कसा आला ते पाहिले पाहिजे. कंपनी सरकारला आणि नंतरच्या ब्रिटिश सरकारला जमिनीकडून हवा होता महसूल. नांगराखालची जमीन सारा देई आणि जंगल लाकूड देई, म्हणून १८६४ साली वनखाते निघाले. या दोन्हींपैकी काहीच न देणारी जमीन पडीक ठरली. स्वातंत्र्यानंतर खाती बदलली, रकाने तेच राहिले. आजही माळाची जमीन सातबाऱ्यावर पोटखराबा, सरकारी पड, मुलकी पड किंवा गायरान अशीच दिसते. देशपातळीवर पडीक जमिनींचा नकाशासंग्रह निघतो. त्याच्या २०१९च्या आवृत्तीनुसार देशाचा १६.९६ टक्के भूभाग, म्हणजे साडेपाच कोटी हेक्टरहून अधिक जमीन, पडीक आहे. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांनी उपग्रहचित्रांवरून देशातल्या कोरड्या प्रदेशातील खुल्या नैसर्गिक परिसंस्थांचा नकाशा केला. त्यांच्या हिशोबाने या परिसंस्था देशाच्या सुमारे दहा टक्के जमिनीवर आहेत, संरक्षित क्षेत्रांत मोडतो तो भाग पाच टक्क्यांहूनही कमी आहे, आणि त्यांच्या दोन तृतीयांशाहून अधिक क्षेत्रावर सरकारी नकाशात पडीक असा शिक्का आहे. ज्या जमिनीवर लांडगा, खोकड, काळवीट, चिंकारा आणि धाविक पक्षी राहतात, त्याच जमिनीचा ‘उपयोग होत नाही’ असे एक खाते दुसऱ्या खात्याला लिहून देते. मग ती कशासाठीही द्यायला हरकत उरत नाही.

किती माळ गेला याचा एक सरकारी आकडा आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये वाळवंटीकरणाविरोधी जागतिक परिषद दिल्लीत भरली. त्या वेळी भारताने दिलेल्या माहितीनुसार २००५ ते २०१५ या दहा वर्षांत देशातले गवताळ क्षेत्र सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टरांवरून १ कोटी २० लाख हेक्टरांच्या आसपास आले. दहा वर्षांत जवळजवळ एक तृतीयांश! एवढ्या वेगाने जंगल गेले असते तर संसदेत गदारोळ झाला असता.

माळ कशाने जातो, असे विचारले की लोक कारखाने आणि रस्ते सांगतात. ते खरेच आहे, पण माझ्या यादीत झाडे लावण्याचा सरकारी उत्साह त्यांच्या बरोबरीने येतो. महाराष्ट्राने २०१६ मध्ये दोन कोटी, २०१७ मध्ये चार कोटी, २०१८ मध्ये तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी झाडे लावण्याची मोहीम हाती घेतली. एवढी झाडे लावायला जागा कुठून आणणार? जिथे झाडे नाहीत तिथून. म्हणजे माळावरून. मुरमात खड्डे घेतले गेले, चर खणले गेले, मूळची गवते उपटली गेली आणि तिथे गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी असे परके वृक्ष आले. बरीच रोपे उन्हाळ्यात वाळली, पण खणलेला माळ पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. पुण्याच्या टेकड्यांवर काही दशकांपूर्वी लावलेले गिरिपुष्प आज बघावे. त्याच्या दाट सावलीखाली गवत नाही आणि गवतावरचा चंडोलही नाही. रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य २.१७ चौरस किलोमीटरचे आणि सुप्याचे मयूरेश्वर ५.१४ चौरस किलोमीटरचे. एवढ्याशा तुकड्यांतही वर्षानुवर्षे झाडे लावली गेली. काळवीट आणि चिंकारा मोकळ्या रानात नजरेच्या आणि वेगाच्या भरवशावर जगतात. त्यांच्या घरात झाडांची भिंत उभी करणे म्हणजे लांडग्याला आडोसा देऊन हरणाची पळवाट बंद करणे. शिवाय न लावताच पसरणारी वेडी बाभूळ आणि घाणेरी आहेत, त्या वेगळ्याच.

कर्बाच्या नावाखाली हे सगळे आता आणखी वाढेल अशी भीती आहे. केंद्र सरकारच्या ग्रीन क्रेडिट योजनेच्या फेब्रुवारी २०२४च्या कार्यपद्धतीत अवनत जमिनीवर हेक्टरी किमान १,१०० झाडांची अट घातली गेली. माळाच्या एका हेक्टरवर अकराशे झाडे म्हणजे माळ संपला. गवताळ प्रदेश आपला बहुतेक कर्ब जमिनीखाली, मुळांत आणि मातीत साठवतो. वणव्यात वरचे गवत जळले तरी तो साठा टिकतो. कोरड्या मुलखात झाडांची गर्दी केली तर ती जमिनीतले पाणी ओढते आणि एका आगीत सगळे पुन्हा हवेत जाते.

आगीचा विषय निघाला म्हणून तळेगाव दाभाड्याच्या माळाची गोष्ट सांगतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतले मंदार दातार आणि त्यांचे सहकारी यांनी २०२४ मध्ये ‘डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा’ ही वनस्पती विज्ञानाला नवी म्हणून नोंदवली. आदित्य धारप यांनी या माळाचे वर्षानुवर्षे निरीक्षण करताना तिचे नमुने गोळा केले होते. ती पावसाळ्यानंतर एकदा फुलते आणि उन्हाळ्यात माळाला आग लागून गेल्यावर, काळ्या पडलेल्या जमिनीतून, दुसऱ्यांदा फुलते. आगीशी असे जुळवून घेतलेले जीवन काही पिढ्यांत घडत नाही. (दरवर्षी उगाच आग लावावी असा याचा अर्थ नव्हे. वर्षागणिक, चुकीच्या वेळी लावलेल्या आगींनी अंडी आणि पिल्ले जळतात.) ही वनस्पती सापडली कुठे, तर चाकण-तळेगावच्या औद्योगिक पट्ट्याला लागून. जिथे पुढच्या दहा वर्षांत गोदाम, गृहसंकुल किंवा ट्रकतळ होण्याची शक्यता सर्वांत जास्त, नेमके तिथे. माळावर असे अजून काय आहे ते शोधायच्या आत त्यावर मुरूम पसरला जातो.

पुणे, सोलापूर, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत हा दाब सर्वांत जास्त आहे. एमआयडीसीला सलग आणि स्वस्त जमीन हवी असते. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग, त्याला जोडणारे रस्ते, रिंग रोड यांच्या दोन्ही अंगांना प्लॉटिंगचे फलक लागतात. सासवडच्या बाजूने गेल्यास काल ज्या माळावर भोवत्या घिरट्या घालत होता तिथे आज कमान, कुंपण आणि खडी दिसते. मध्य आशियातून हिवाळ्यात येणाऱ्या या पक्ष्यांना रात्री बसायला उंच गवताचा माळ लागतो. कमान उभारणाऱ्याच्या ते ध्यानीमनीही नसते, कारण त्याच्या सातबाऱ्यावर ती जमीन पडच असते.

सौर आणि पवनऊर्जेबद्दल लिहिताना मला जड जाते. कोळसा थांबला पाहिजे यात शंका नाही. पण एका मेगावॅटला चार ते पाच एकर जमीन लागते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्याचे सुरुवातीचे उद्दिष्टच सात हजार मेगावॅटचे होते. त्याला तीस हजार एकरांच्या आसपास जागा लागते, आणि गावोगावची गायराने त्यात घेतली गेली. पवनचक्क्यांचे काय होते ते साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांनी तपासले. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी आढळले, त्यामुळे गळ्याला निळा-केशरी पंखा असलेले सरडे वाढले आणि त्यांचे वागणेही बदलले. त्यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. राजस्थान-गुजरातेत माळढोक विजेच्या तारांवर आपटून मरतात, कारण जड अंगाच्या या पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही आणि ऐनवेळी वळता येत नाही. वन्यजीव-संरक्षक एम. के. रणजितसिंह यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये मोठ्या क्षेत्रातल्या तारा जमिनीखाली घ्यायला सांगितले, आणि मार्च २०२४ मध्ये तो आदेश सैल करून तज्ज्ञांची समिती नेमली. छतावर, कालव्यांवर, कारखान्यांच्या आवारात पॅनेल बसवायला अजून भरपूर वाव असताना सुरुवात माळापासूनच का होते, याचे उत्तर मला एकच सुचते. माळाच्या वतीने कोणी हरकत घेत नाही.

ही वाट कुठे जाते ते अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात दिसते. ‘प्रेअरी स्टेट’ म्हणवणाऱ्या या राज्यात एके काळी सुमारे २ कोटी २० लाख एकर उंच गवताची प्रेअरी होती. १८३७ साली जॉन डीअरने पोलादी नांगर आणला तो याच राज्यात, आणि काळ्या मातीची प्रेअरी मक्याखाली गेली. आज चांगल्या अवस्थेतली मूळ प्रेअरी उरली आहे अडीच हजार एकरांच्या आसपास. रेल्वेमार्गाच्या कडेला, जुन्या दफनभूमींत, जिथे नांगर पोचला नाही तिथे. रॉकफर्ड शहराच्या विमानतळाजवळ बेल बाऊल नावाचा असाच एक छोटा, हजारो वर्षांचा तुकडा होता. २०२१ मध्ये तिथे ‘रस्टी पॅच्ड बम्बल बी’ ही संकटग्रस्त माशी आढळली म्हणून मालवाहतूक तळाच्या विस्ताराचे काम थांबले. लोकांनी मोर्चे काढले, खटले केले. मार्च २०२३ मध्ये त्या तुकड्याच्या मोठ्या भागावर बुलडोझर फिरला. जिथे जवळपास काहीच उरले नव्हते तिथे उरलेलेही वाचवता आले नाही. आपल्याकडे अजून उरले आहे, हा फरक फार मोठा आहे.

माळ गेला की माणसाचेही जाते. धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसह फिरणारे त्यांचे तांडे, दिवाळीनंतर कोकणाकडे उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परत फिरतात. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवून घेतो, त्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतो, आणि त्याच्या जमिनीला खत मिळते. दख्खनी मेंढी याच चालण्याला आणि याच गवताला घडलेली आहे. वाटेवरचे गायरान कुंपणात गेले की वाडा रस्त्याच्या कडेला येतो, मग ट्रकखाली मेंढरे जातात आणि रोपवाटिकेत शिरली म्हणून दंड होतो. लांडग्याचेही तेच. द्वीपकल्पातले लांडगे सुमारे तीन हजार असावेत असा अंदाज आहे, आणि ते बहुतांशी अभयारण्याबाहेर, माळावर, मेंढरांच्या मागोमाग जगतात. माळाच्या कडेला हॉटेले आणि कचऱ्याचे ढीग वाढले, तसे मोकाट कुत्रेही वाढले. त्यांच्यामार्फत डिस्टेंपरसारखे रोग लांडग्यांत गेले. पुणे जिल्ह्यात लांडगा-कुत्रा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीतून सिद्धही झाले आहे.

करता येण्यासारखे मात्र बरेच आहे. असद रहमानी यांच्या अध्यक्षतेखालील नियोजन आयोगाच्या कार्यगटाने २००६ मध्येच गवताळ प्रदेश आणि वाळवंटे यांच्यासाठी स्वतंत्र धोरण मागितले होते. ते अजून झालेले नाही. वनहक्क कायदा २००६ भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मानतो. धनगरांच्या बाबतीत तो महाराष्ट्रात फारसा वापरलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपालसिंग खटल्यात गावाच्या सामायिक जमिनी परत मिळवायला सांगितले, त्याचाही उपयोग अतिक्रमणे मोजण्यापलीकडे फार झाला नाही. चांगली उदाहरणे लहान लहान आहेत. वऱ्हाडात, अकोला-वाशिमकडे, एके काळी शिकारी म्हणून हिणवल्या गेलेल्या फासेपारधी समाजातले लोक ‘संवेदना’ संस्थेबरोबर गवताळ रान राखू लागले आहेत. गवतात राहणाऱ्या तणमोर पक्ष्याचा माग त्यांच्याइतका कोणालाच काढता येत नाही. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला आणि बारामती तालुक्यात शिर्सुफळला वनखात्याने माळाची सफारी सुरू केली. उभ्या माळावर गावातल्या तरुणाला रोजगार मिळू शकतो हे तिथे पहिल्यांदा दिसले.

या प्रयत्नांना आधार हवा तो महसुली नोंदीचा. माळाला सातबाऱ्यावर आणि विकास आराखड्यात ‘नैसर्गिक गवताळ क्षेत्र’ असा स्वतंत्र रकाना मिळाला पाहिजे, आणि तिथे वृक्षारोपण करायचे तरी जंगलतोडीइतकीच कडक परवानगी लागली पाहिजे. आठ हजार चौरस किलोमीटरची रेषा पुन्हा ओढू नये; हजार ठिकाणी पन्नास-शंभर एकर माळ गावाच्या संमतीने राखावा. नान्नजने आपल्याला दोन्ही बाजूंनी हेच शिकवले आहे.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे गवताळ कुरणांचे आणि पशुपालकांचे वर्ष म्हणून जाहीर केले आहे. त्याचे कार्यक्रम दिल्ली-मुंबईत होतील. तुमच्या गावात करण्यासारखी गोष्ट साधी आहे. तलाठ्याकडून गायरानाचा आणि सरकारी पडीचा सातबारा काढा. ग्रामसभेत तो वाचून घ्या. जैवविविधता समितीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत त्या गटाचे गवत, झाडे, पक्षी आणि तिथे येणारे वाडे लिहून घ्या, आणि वृक्षारोपणाचा किंवा सौर प्रकल्पाचा ठराव समोर आला तर तीच नोंदवही पुढे ठेवून हरकत लेखी नोंदवा.